सौकारपेटमध्ये पळावं कसं, भाजावं कसं

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांचं घर चेन्नईच्या जॉर्ज टाउनात आहे, घराखाली दुकान आहे, दुकानात काटा आहे आणि पस्तिशी उलटल्यावर ज्यांना अचानक पळावंसं वाटू लागलं आहे, त्यांच्यासाठी. पळून आल्यावर ज्यांना मैदा मळावासा वाटतो त्यांच्यासाठी तर खासच, कारण या दोन व्याधी बहुधा जोडीनं येतात. पहिलीमुळे भूक लागते, दुसरीमुळे ती भागते, आणि वजन होतं तिथंच राहतं.

तमिळनाडूतला मराठी माणूस म्हटलं की लोकांना तंजावर आठवतं, सरफोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवतं. आपण त्यातले नाही. आपण विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले. पाऊस चुकवणाऱ्या त्या तालुक्यांतून निघून आपल्या लोकांनी देशातल्या बहुतेक सराफ बाजारांच्या मागच्या गल्लीत सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या मांडल्या, तशा एन. एस. सी. बोस रोडच्या आसपासही मांडल्या. शेजारची तमिळ आजी आपल्याला मारवाड्यांच्याच मापात मोजून 'सेट्टू' म्हणते. तिला दुरुस्त करू नका. पहाटे साडेचारला अर्ध्या चड्डीत जिना उतरणाऱ्या माणसाला कोणत्याही समाजानं आपलं म्हणायची तयारी दाखवली, तर त्यानं ती मुकाट्यानं स्वीकारावी.

वेळ

'सकाळच्या कोवळ्या उन्हात धावावे' असं पुण्या-मुंबईची मासिकं सांगतात. चेन्नईत कोवळं ऊन मिळत नाही. इथला सूर्य समुद्रातून निघतो तेव्हाच जून झालेला असतो. उन्हाळ्यात तो पावणेसहाच्या आत उगवतो, जानेवारीत साडेसहाच्या पुढे. त्याच्या आत परत यायचं, एवढाच नियम.

पहाटे गारवा असेल या समजुतीत मात्र राहू नका. पारा खाली असतो हे खरं, पण हवेतला दमटपणा त्याच वेळी सर्वांत जास्त असतो. घाम वाहतो, वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. विट्याच्या कोरड्या माळावर जो वेग सहज साधतो तो इथं साधणार नाही. किलोमीटरमागं अर्धं-पाऊण मिनिट जास्त लागलं तर ते समुद्राच्या खात्यावर लिहून मोकळे व्हा. समुद्र ते फेडतोही, पण दुपारचा वारा पाठवून, आणि तेव्हा तुम्ही भट्टीसमोर बसलेले असता.

मे महिन्यात साधारण 4 तारखेपासून 28 पर्यंत इथं अग्निनक्षत्र असतं. लोक त्याला 'कत्तिरी' म्हणतात. या काळात नवशिक्यांनी फक्त बूट धुवावेत.

खरा हंगाम मार्गळीचा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंतचा. देवळांतून पहाटेच भजनं सुरू होतात, हवा त्यातल्या त्यात शहाण्यासारखी वागते, आणि दारोदारी बायका सडा टाकून कोलम काढायला बसतात. इथं नवशिक्याची पहिली परीक्षा होते. लिंगी चेट्टी स्ट्रीटच्या आतल्या बोळांत कोलम कधीकधी रस्त्याची जवळजवळ सगळी रुंदी व्यापतं. उजवीकडे उभी केलेली दुचाकी, डावीकडे गटार, मध्ये तांदळाच्या पिठाच्या ठिपक्यांचं कमळ. थांबा, वळसा घाला, 'अक्का, मन्निच्चिडुंगो', म्हणजे 'ताई, माफ करा', म्हणा. घड्याळ बंद करायचं राहिलं तरी चालेल, पण कमळावर पाय पडता कामा नये. पडलाच तर त्या दिवशी तुमच्या वेगाची नोंद आयुष्यातली सर्वोत्तम असेल.

अडथळ्यांविषयी

रविवार सोडून इतर दिवशी जॉर्ज टाउनात दिवसा पळणं हा विनोदाचा विषय आहे. गोडाऊन स्ट्रीटवर कापडाचे गठ्ठे, अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिका, देवराज मुदली स्ट्रीटवर आरसे. आरशांच्या गल्लीत पळू नये. आपण पळताना कसे दिसतो हे नवशिक्यानं पहिलं वर्षभर पाहायचं नसतं.

पहाटेही रस्ता पूर्ण रिकामा नसतो. बद्रियन स्ट्रीटवर फुलांची उलाढाल आपल्या आधी सुरू झालेली असते. मोगऱ्याच्या राशी, झेंडूची पोती, ओल्या केळीच्या पानांचे भारे. वास स्वर्गाचा, जमीन निसरडी. इथं पावलं लहान ठेवा. भाजीचा घाऊक बाजार 1996 मध्ये कोत्तवाल चावडीतून कोयंबेडूला हलला, नाहीतर याच यादीत टोमॅटोही आले असते. तीनचाकी हातगाडीवाला दादा तुमच्यासाठी थांबणार नाही. त्याच्या गाडीवर अर्धा टन माल आहे आणि तो कामावर निघाला आहे, तुम्ही नाही. हा फरक त्याला दिसतो, तुम्हालाही दिसू द्या.

ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. आपल्याकडे जूनमध्ये पेरण्या होतात म्हणून इथंही जूनमध्ये छत्री काढणारे पाहुणे आहेत. त्यांना त्या महिन्यात फक्त घाम भेटतो. नोव्हेंबरात मात्र बोस रोडची जी अवस्था होते तिचा सराव ऑलिंपिकमध्ये उपयोगी पडावा. तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्यातल्या उड्या असतात. सौकारपेटमध्ये हा आकडा पहिल्या किलोमीटरलाच पार होतो आणि पाण्याच्या तळाशी काय आहे हे आयोजक सांगत नाहीत.

घरात कोणी पळण्याची थट्टा केली तर इथंच ललिता बाबरचं नाव काढावं. तिचं माण तालुक्यातलं मोही गाव म्हणजे आपल्या आटपाडीचा शेजार. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हीच शर्यत पळत ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. चुलते एवढं ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, "ती पळली, मान्य. पर तू का पळतुयास?"

मार्ग

सौकारपेटमधून बोस रोडनं पूर्वेला, पॅरीज कॉर्नरला उजवीकडे, फोर्ट सेंट जॉर्जच्या कडेनं युद्धस्मारक, नेपियर पूल, तिथून मरीना. दीपगृहापर्यंत जाऊन परत आलात तर साधारण बारा किलोमीटर भरतात. नवशिक्यानं पहिले काही महिने नेपियर पुलावरून वळावं. कूवम नदीचा वास त्या निर्णयाला मदत करतो.

या रस्त्याचं एक वैशिष्ट्य मला फार आवडतं, म्हणून थोडं थांबतो. मद्रासचं पहिलं दीपगृह 1796 मध्ये किल्ल्यातल्या एका इमारतीच्या माथ्यावर होतं. मग 1844 मध्ये उंच दगडी खांबाचं दुसरं झालं, ते आज हायकोर्टाच्या आवारात आहे. 1894 पासून दिवा हायकोर्टाच्याच मनोऱ्यावर चढला. 1914 च्या सप्टेंबरात जर्मन युद्धनौका एम्डेननं रात्री येऊन तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. त्या माऱ्याची आठवण सांगणारी पाटी हायकोर्टाच्या भिंतीला आहे. आणि 1977 मध्ये दिवा थेट मरीनाच्या दक्षिण टोकाला गेला. म्हणजे तुमच्या रस्त्यावर आधी एक दिवा किल्ल्यातून हायकोर्टात गेला, बरीच वर्षं तिथंच रमला, आणि मग एका दमात पाच-सहा किलोमीटर दक्षिणेला पळाला. सरावाची आखणी अशीच असावी.

मरीनावर शिळा ढकलणाऱ्या चार मजुरांचा, देवीप्रसाद रायचौधुरींचा 'श्रमविजय' पुतळा 1959 पासून उभा आहे. त्याच्यासमोर धाप लागल्याचा फोटो काढून घेऊ नये. ते चौघं कामात आहेत.

परतताना वेळ असेल तर तंबू चेट्टी स्ट्रीटवरून या आणि काळिकांबाळ मंदिराला दारातूनच नमस्कार करा. 3 ऑक्टोबर 1677 रोजी शिवाजी महाराजांनी इथं दर्शन घेतलं असं मंदिराची परंपरा सांगते. इतिहासकार तारखेवरून वाद घालोत. महाराज त्या वर्षी कर्नाटकच्या मोहिमेवर, रायगडाहून गोवळकोंडा आणि तिथून जिंजी, वेलोर असं अंतर तोडत होते, त्यात मात्र वाद नाही. त्याच वर्षी त्यांच्याकडून फोर्ट सेंट जॉर्जच्या इंग्रजांकडे विषबाधेवरची औषधं आणि अंगात बळ आणणारे औषधी खडे मागवल्याची नोंद इंग्रजांच्या दप्तरात आहे. तेव्हा पळताना खिशात ताकदीची गोळी ठेवणाऱ्यानं कोणासमोर लाजू नये.

मरीनावर पहाटे फिरणाऱ्यांसाठी हिरवागार 'अरुगमपुल्' रस विकतात. तो दूर्वांचा रस. आपण एकवीस जुड्या मोजून गणपतीला वाहतो, इथले सेवानिवृत्त अधिकारी त्या पेलाभर पितात. एकदा प्यावा. दुसऱ्यांदा पिण्याचा निर्णय ज्याचा त्याचा.

वजन-घट

गलाईच्या धंद्यात घट मोजल्याशिवाय कोणी झोपत नाही. हीच सवय पळण्याला लावा. निघण्यापूर्वी वजन करा, आल्यावर घामाचे कपडे काढून पुन्हा करा. जितके ग्रॅम घट, तितके मिलिलिटर पाणी गेलं. चेन्नईत तासाभरात लिटरभर घट येणं नेहमीचं आहे. ती नुसत्या पाण्यानं भरू नये. मीठ-लिंबू घालावं, ताक असेल तर उत्तम, नीरमोर म्हणून ते नाक्यावरही मिळतं. धंद्यातल्या माणसांना हा भाग चटकन कळतो. फक्त इथली घट गिऱ्हाइकाच्या नावे टाकता येत नाही.

भट्टी

आता मुख्य विषय. जे इथपर्यंत पळत आले त्यांनी बसून घ्यावं.

आपल्या गावाकडे दिवाळीत आणि मे महिन्यात घरचा मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायचे, नंबर लावून बसायचे आणि पत्र्यावर भाजलेली नानकटाई मोजून घरी आणायचे. बेकरीवाला बदलाबदली करील या भीतीनं एक पोरगं तिथंच बसवलेलं असे. ते पोरगं मोठं होऊन जॉर्ज टाउनात ओटीजी, म्हणजे विजेची घरगुती भट्टी, विकत घेतं, हा इतिहासाचा सरळ क्रम आहे.

जुन्या इमारतींत वायरिंगही जुनं असतं. ओटीजी दीड-दोन हजार वॅट खातो. तो चालू असताना एसी आणि गीझर बंद ठेवा. नाहीतर अख्ख्या मजल्याचा दिवा जातो आणि तुमची पाककृती जिन्यात सर्वांना तोंडपाठ होते.

दुसरी सूचना गंभीर आहे. दुकानातलं काहीही स्वयंपाकघरात येता कामा नये, भांडं नाही, चमचा नाही, काटा तर नाहीच. टाकणखार आणि बेकिंग सोडा दोन्ही पांढरे, दोन्ही पुडीत. गलाईच्या जागेत तेजाब आणि धातूंची धूळ असते. सराफ बाजारात नवा काटा मिळायला तोटा नाही. शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या आणि तो फक्त यीस्टसाठी ठेवा. चिमूटभर यीस्ट म्हणजे किती, यावर बाकीचं जग अंदाज बांधतं. आपल्याला तशी सवय नाही.

पहिला पदार्थ नानकटाईच करावा. मैदा 200 ग्रॅम, बेसन 50, तूप 150, पिठीसाखर 125, वेलदोडा, चिमूटभर सोडा. चेन्नईत तूप वर्षभर पातळ असतं. ते आधी फ्रिजमध्ये थिजवा, मग साखरेबरोबर फेसा, नाहीतर नानकटाई पत्र्यावर पसरून शेजारणीला भेटेल. 170 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. पूर्ण निवल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. इथल्या हवेत उघडी राहिलेली नानकटाई संध्याकाळपर्यंत मऊ पडते.

शिवाय तिच्यात अंडं नाही, याचं महत्त्व सौकारपेटमध्ये राहणाऱ्यालाच कळेल. अनेक इमारतींत अंड्याला जिना चढायची परवानगी नाही. वरच्या मजल्यावरच्या जैन काकी यीस्टचा ब्रेड, त्यातही आदल्या रात्री मळलेला, घेणार नाहीत. नानकटाई घेतील, पण सूर्यास्ताच्या आत पोचवा. मग त्या दुसऱ्या दिवशी डबा परत करताना खाकरे देतील, आणि पळणाऱ्याच्या खिशासाठी खाकऱ्याइतकं हलकं काही नाही.

नानकटाई साधली की ब्रेड. मैदा 500 ग्रॅम, पाणी 325, मीठ 10, इन्स्टंट यीस्ट 3. परदेशी पुस्तकं सांगतात, कोमट पाणी घ्या आणि पीठ घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. आपल्या घराला थंड कोपरा नाही. पाणी बर्फाचं घ्या. पीठ मळून तासाभरात फुगलं की दाबून रात्री फ्रिजमध्ये टाका. आणि इथं, वाचकहो, पळणं आणि भाजणं यांची गाठ पडते. पहाटे सव्वाचारला पीठ बाहेर काढा, वळून टिनमध्ये घाला, ओलं फडकं टाका आणि पळायला जा. सत्तर-ऐंशी मिनिटांत इथल्या हवेत ते टिनच्या काठाला येतं. परत येऊन 200 अंशांवर अर्धा तास भाजा, तेवढ्यात आंघोळ होते.

यात एक मेख आहे. टिनमधलं पीठ वाट पाहत नाही. तुम्ही नेपियर पुलावर ओळखीच्या माणसाशी गप्पा मारल्यात तर ते काठावरून उतरून खाली बसतं. त्यामुळे वेग कमी झाला की घड्याळाआधी ब्रेड सांगतो. बसका ब्रेड घरच्यांना दिसतो, घड्याळ फक्त तुम्हाला. ज्या रविवारी लांब पल्ला असेल त्या दिवशी पीठ फ्रिजमध्येच राहू द्या आणि अब्रू सांभाळा.

चुलत्यांचं मत विचारू नये, तरी ते मिळतं. सोनं 1064 अंशांना पाणी होतं, चांदी 962 ला. आयुष्य त्या आकड्यांत गेलेला माणूस ओटीजीची तबकडी वाचतो आणि म्हणतो, "दोनशे? आरं, एवढ्यात शिसंबी वितळत न्हाई." बरोबर आहे, शिशाला 327 लागतात. वाद घालू नका, गरम पाव द्या. तोंड भरलेलं असताना माणूस धातुशास्त्र बोलत नाही.

घरच्यांशी बोलणी

"कोण मागं लागलंय का काय?" हा पहिला प्रश्न. याला फक्त हसावं.

"मिळतंय काय ह्यात?" हा दुसरा. आनंद, शांतता, स्वतःशी संवाद ही उत्तरं धंद्याच्या घरात चालत नाहीत. आकडा द्या. पळण्यात किलोमीटरमागं, शरीराच्या दर किलोला साधारण एक कॅलरी जळते. सत्तर किलोचा माणूस दहा किलोमीटर पळाला तर सातशे. तीस ग्रॅमच्या एका नानकटाईत दीडशेच्या आसपास. म्हणजे दहा किलोमीटर पळा आणि चार-पाच नानकटाया फुकट.

हा हिशोब मांडताच चुलते विचारतील, "मंजी नानकटाई खाल्ली न्हाई, तर पळायचीबी गरज न्हाई?" या प्रश्नाचं उत्तर या आवृत्तीत दिलेलं नाही.

आईचं म्हणणं वेगळं असतं. तिची तक्रार पळण्याबद्दल नसून बनियनांबद्दल असते. ती स्वतः धुवावीत.

स्पर्धा आणि पदक

जानेवारीत शहराची मॅरेथॉन असते. नवशिक्यानं दहा किलोमीटरच्या गटात नाव द्यावं. आदल्या रात्री नवीन काही खाऊ नये, नवीन बूट घालू नयेत, आणि मिंट स्ट्रीटच्या जिलेबीला सोमवारपर्यंत थांबायला सांगावं. मागं राहिलात तरी चालत शेवट गाठा, कारण शेवट गाठणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळतं.

ते पदक घरी नेण्यापूर्वी मन घट्ट करा. दुसऱ्या कुठल्या घरात ते भिंतीवर जातं, आपल्या घरात आधी काट्यावर जातं. मग चुलते चष्मा वर करून कड कानशीनं हलकेच घासतील, खालचा पांढुरका रंग पाहतील आणि न विचारता सांगतील, "जस्त हाय." बहुधा बरोबरच निघेल, असली पदकं जस्ताच्या मिश्रधातूची ओततात आणि वर मुलामा देतात. शुद्ध जस्त 420 अंशांना वितळतं. आपला ओटीजी अडीचशेच्या वर जात नाही, तेवढ्यापुरतं पदक घरी सुरक्षित आहे. फक्त खाली दुकानात न्यायला मागितलं तर देऊ नका.